ज्याचा चेहरा, त्याचं दुकान

मी मोबाइल बोलतोय. खरं तर बोलण्यापेक्षा बघणंच माझ्या वाट्याला जास्त आलं. रोज सकाळी एकच चेहरा.

कारखान्यातून निघालो तो तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत येऊन पडलो. तिथं एक सासू आणि तिची विधवा सून राहत. सून एका पायानं अधू. जिना उतरणं म्हणजे तिला डोंगर. हात मात्र असा, की रफू कुठं केलंय ते शोधूनही सापडू नये. पण गिऱ्हाईक वर चढत नव्हतं आणि ती खाली उतरू शकत नव्हती.

मला तिथं आणलं एका संस्थेच्या ताईंनी. माझ्यात दुकान होतं. लोक त्यावर काम नोंदवणार, कपडे घरपोच येणार, शिवून झाले की परत जाणार. ताईंनी बजावलं, "ज्याचा चेहरा, त्याचं दुकान. नीट ठरवा."

सुनेनं मला सासूपुढे धरलं. घरात मोठं माणूस असताना आपलं तोंड पुढं कसं करायचं? सासूनं लाजत केस सारखे केले.

तेव्हापासून रोज सकाळी मी म्हणायचो, "कॅमेऱ्याकडे बघा. आता डोळे मिटा." ते झालं की दुकान उघडायचं.

"नवऱ्यानं जन्मात कधी एवढं निरखून बघितलं नाही," सासू म्हणायची, "आणि हा मेला माझं तोंड बघितल्याशिवाय चूल पेटू देत नाही."

चेन बदलायच्या पँटी आल्या, आखूड करायचे कोट आले. सुनेची कुणापुढं हात पसरायची वेळ गेली. मशीन चालवताना ती गुणगुणू लागली.

मग मला ते दिसलं, सगळ्यांच्या आधी. सासूच्या गालांची हाडं वर येत होती. एकदा तर मी तिला ओळखलंच नाही. सुनेनं उशी उंच केली, खिडकी उघडली, तेव्हा कुठं दुकान उघडलं.

सुनेनं ताईंना विचारून घेतलं. चेहरा बदलायचा तर दुकान नव्यानं मांडावं लागणार होतं. कमावलेलं नाव, जोडलेली गिऱ्हाइकं, सगळं जाणार होतं. ती म्हणाली, पुढं बघू.

"पुढं म्हणजे कधी गं?" सासू म्हणाली. "मी काय अमरपट्टा घेऊन आलेय?"

सून हसली नाही.

त्या सकाळी तिनं सासूचे केस विंचरले, पाठीशी उशी दिली आणि मला समोर मशीनला टेकवून ठेवलं.

"कॅमेऱ्याकडे बघा," मी म्हणालो. सासू बघत होती. "आता डोळे मिटा."

डोळे मिटले नाहीत. मी पुन्हा सांगितलं, पुन्हा सांगितलं. आवाज खाली आणायला मला कुणी शिकवलेलं नाही.

"आई," सून म्हणाली, "एकदाच मिटा. मग झोपा."

तिनं सासूच्या गालाला हात लावला. तो हात तिथंच थांबला. बऱ्याच वेळानं तिनं बोटांनी हलकेच पापण्या खाली ओढल्या.

"धन्यवाद," मी म्हणालो. "दुकान उघडलं आहे."

आणि लगेच पहिलं काम आलं.

खोली माणसांनी भरली आणि रिकामी झाली. मी मशीनवर पालथा पडून आहे. सून भिंतीशी बसली आहे. तुमच्यापैकी कुणी तो जिना चढून गेलंच, तर तिला सांगा, पोरी, आता तुझा चेहरा धर याच्यापुढं. शून्यापासून मांडावं लागलं तरी चालेल. पण लवकर सांगा. सकाळ झाली की मी आपोआप जागा होतो, आणि मला एकच चेहरा मागता येतो.