फळीची गिटार

"थांबा," म्हणत किशनरावांनी कानांवरचे हेडफोन चौथ्यांदा उतरवले. "बेस चढतोय. परत तिथंच."

वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही नऊ माणसं सकाळपासून कोंडून घातल्यासारखी बसलो होतो. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून चारी भिंतींना आणि खिडक्यांना आमच्याच गल्लीतल्या गोधड्या टांगल्या होत्या. पंखा बंद, कारण त्याची घरघर टेपमध्ये येते म्हणे. फेब्रुवारी असून ढोलकीवाल्या भुजंगचा शर्ट पाठीला चिकटला होता.

आमचे हे मांडीवरच्या गिटारीकडे बघत बसले होते. काळी, चकचकीत, हैदराबादेहून आणलेली बेस गिटार. ती मी घेऊन दिली होती, हट्टाने घेऊन दिली होती. आणि तिच्यावर हे का चुकतात ते त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

मी शाळेत शिकवते, नवऱ्याचं नाव घ्यायला लाजत नाही. लिंबाजी. परभणीच्या एसटी वर्कशॉपात फिटर. दिवसभर गाड्यांखाली आडवे आणि संध्याकाळी आश्रुबा भाऊजींच्या गायन पार्टीत बेस. गायन पार्टीत बेस कोण ऐकतो? लोक गाणाऱ्याकडे बघतात, ढोलकीवर माना डोलावतात. बेस थांबला तर काहीतरी कमी झालंय एवढं कळतं, काय ते कळत नाही. तेरा वर्षं माझा नवरा ते काहीतरी वाजवत आला होता.

चौदा जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. सोळा वर्षं गेली त्यात. आता एप्रिलच्या जयंतीआधी आपल्या पार्टीची कॅसेट निघालीच पाहिजे, असं भाऊजींनी मनावर घेतलं आणि औरंगाबादहून किशनरावांना मशीनसकट आणलं. किशनराव आधीच म्हणाले होते, भीमगीतांना बेस कशाला, ढोलकी आणि कॅसिओचा कीबोर्ड पुरे. भाऊजींनी भांडून एका गाण्यापुरता बेस कबूल करून घेतला. नामांतराचं गाणं. चाल लिंबाजींची. सुरुवातीला नुसता बेस, मग ढोलकी, मग भाऊजींचा आवाज, मग आम्ही कोरसच्या तिघी. बाकीची सात गाणी आदल्या दिवशीच उरकली होती. हे आठवं राहिलं होतं. चारच्या सुमारास लाईट जायची ती आठशिवाय यायची नाही, आणि किशनरावांची गाडी सहाची.

घड्याळात पावणेदोन झाले होते.

किशनराव माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला बोलू. त्यांनी अगदी समजावणीच्या सुरात सांगितलं, की तीनपर्यंत बघू, नाही जमलं तर बेस कॅसिओवरच वाजवून घेऊ, ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही. कॅसिओवाल्याने तेवढ्यात डाव्या हाताने सुरुवात वाजवूनही दाखवली. अगदी स्वच्छ वाजली मेली.

लिंबाजींनी मान हलवली. "तीनपर्यंत करतो," एवढंच म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

आता जुन्या गिटारीचं सांगते. एक्क्याऐंशी साली परभणीच्या उरुसात हैदराबादचा ऑर्केस्ट्रा आला होता. तिथे ह्यांनी पहिल्यांदा बेस पाहिला आणि वेडेच झाले. वाजवणारा चहाला गेला तेव्हा त्याच्या माणसाला पटवून सुतळीने गिटार मापून घेतली, प्रत्येक पडद्यापाशी, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्टीपाशी, सुतळीला एक गाठ. त्या सुतळीवरून सुताराने लाकूड कापलं, पडदे सायकलच्या स्पोकचे बसवले, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने लोहचुंबकावर तार गुंडाळून आवाजाची सोय केली. बेसच्या तारा परभणीत कुठून मिळणार? मग स्कूटरची क्लच वायर, ब्रेकची वायर, ॲक्सिलेटरची, लूनाची. सगळं जमलं, पण मापताना पाचवी गाठ जराशी सरकली होती. तेवढा पाचवा पडदा चुकीच्या जागी बसला आणि तिथला सूर कायमचा उतरला. म्हणून तिथे बोट दाबलं की हे तार किंचित ओढायचे आणि सूर जागेवर आणायचे. तेरा वर्षं तशीच ओढली. नव्या गिटारीचे पडदे कारखान्यातले, बिनचूक. पण बोट तिथे गेलं की आपोआप ओढणारच, आणि सूर चढणारच. आणि गाण्याची प्रत्येक ओळ नेमकी त्याच सुरावर येऊन थांबत होती.

लाकडाचंही सांगितलं पाहिजे. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या ठरावानंतर जाळपोळ झाली, तीत आमचं गावाकडचं घर गेलं. दाराची एक फळी अर्धवट जळून राहिली, ती सासरे परभणीला घेऊन आले. तिचीच गिटार झाली. पाठीमागे काळा डाग अजून आहे. भाऊजी कार्यक्रमात माइकवर ही कथा सांगायचे, बाया डोळ्यांना पदर लावायच्या आणि हे चिडायचे. घरात सागवान पडलं होतं म्हणून वापरलं, दुसरं आणायची ऐपत नव्हती, त्यात रडण्यासारखं काय, असं म्हणून एकदा त्यांनी भाऊजींचं तोंडच बंद केलं.

मला मात्र ती फळी डोळ्यांसमोर नको होती. दिवाळीत पाथरीच्या कार्यक्रमात दुसऱ्या पार्टीतले लोक तिला फळकूट म्हणून खो खो हसले. माझ्या जिवाला इतकं लागलं की सांगायची सोय नाही. आमच्या दाराला कोणी रडायचं, कोणी हसायचं, आणि आम्ही तेच गळ्यात अडकवून गावोगाव हिंडायचं? नामविस्ताराच्या आठवड्यातच मी भावाला सांगून हैदराबादेहून नवी गिटार मागवली. ह्यांनी ती हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली, चांगली आहे म्हणाले.

आणि मी आणखी एक उद्योग केला. हे ड्यूटीवर असताना जुन्या गिटारीच्या चारी तारा पक्कडीने तोडल्या, कचऱ्यात टाकल्या आणि गिटार साडीत गुंडाळून कपाटावर ठेवून दिली. तारा राहिल्या असत्या तर हे पुन्हा तिच्याकडेच वळले असते, मला पक्कं माहीत होतं. महिनाभर ह्यांनी नवीच वाजवली. कामावरून आले की हातपाय धुऊन दोन-दोन तास. जुनीचं नावसुद्धा काढलं नाही. मला वाटलं, जिंकले मी.

पाचव्या वेळेला पुन्हा तेच झालं. मग लिंबाजींनी रुमालाची चिंधी फाडून बोटाला बांधली, ओढायचं नाही याची आठवण राहावी म्हणून. सहाव्या वेळेला दोन कडवी नीट गेली. तिसऱ्याच्या दुसऱ्या ओळीला बोट सरकलं आणि किशनरावांचा हात वर गेला. भाऊजींचा आवाज बसत चालला होता. ते घसा खाकरत म्हणाले, "लिंबाजी, जुनी आन ना रे तुझी. कशाला जिवाला तरास करून घ्यायलास?"

"न्हाई," लिंबाजी म्हणाले. "हीच वाजवतो. सत्यशीलानं आणलीय."

माझ्या तोंडात कोणी मारावी तसं झालं मला. हा माणूस माझ्यासाठी स्वतःच्या गाण्यातून बाहेर पडायला निघाला होता, आणि मी तिथे कोरसमध्ये पदर सावरून बसले होते. मी उठले. जुनी घेऊन येते म्हणाले आणि कोणी काही विचारायच्या आत चपला पायात घातल्या. सव्वादोन झाले होते.

घर गाठायला वेळ लागला नाही. गिटार काढली, पक्कड घेतली आणि तारांसाठी स्टेशन रोडला हबीबभाईंच्या गॅरेजकडे निघाले. उरुसाचे दिवस. रस्ता माणसांनी फुललेला, रिक्षावाला मुंगीच्या पावलाने चाललेला. शेवटी मी उतरून चालत सुटले. काखेत साडीत गुंडाळलेलं ते धूड, लोक वळून बघायलेत, माझ्या शाळेतल्या दोन मुलींनी नमस्कारही घातला. गॅरेजला कुलूप. हबीबभाई कोपऱ्यावर चहा पीत होते म्हणून बरं. त्यांनी येऊन डबे उपसले.

"भाबी, क्लच की है, ब्रेक की है, ॲक्सिलेटर की भी है. लूना की नै. सायकल की चलती क्या?"

मी म्हटलं, चालेल. चालायलाच पाहिजे.

परत पोचले तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. दाराशीच भुजंग भेटला. त्याने मान खाली घातली. तीनला किशनरावांनी कॅसिओवर बेस घेऊन गाणं पूर्ण करून टाकलं होतं, एका दमात, चूक न होता. मी सरळ आत गेले आणि किशनरावांना म्हटलं, लाईट आहे तोवर एकदा ह्यांचं घ्या. त्यांनी घड्याळ बघितलं. टेप बरीच उरली होती. बरं म्हणाले.

लिंबाजी व्हरांड्यात तारा चढवायला बसले. बोटावरची चिंधी सोडून टाकली. मी शेजारी बसून एकेक तार हातात देत होते, आणि आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही असं वाटलं.

"जुन्या तारा मीच तोडल्या," मी म्हटलं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "पक्कड जाग्यावर ठिवली नव्हतीस. तवाच कळलं."

"मग तुमी बोलले का न्हाई?"

"काय बोलू? तू हौसेनं आणली. वाटलं, लागंल हाताला सवय." त्यांनी क्लच वायर खुंटीला पीळ देऊन ताणली. "न्हाई लागली."

मी विचारलं, दाराची फळी आहे म्हणून का. ते माझ्याकडे बघून हसले, त्या दिवसात पहिल्यांदाच.

"दाराचं काय न्हाई गं. बोटाचं हाय."

मला रडू आलं. रडले. वेळ नव्हता तरी रडले. ते तारा लावत राहिले. नव्या तारा ताणल्या की सैल पडत, पुन्हा ताणाव्या लागत. सायकलची वायर दोनदा निसटली. आतून भाऊजींनी वेळ सांगितली, साडेतीन, मग पावणेचार. शेवटी चारी तारा सुरात आल्या तेव्हा लाईट जायला काही मिनिटं होती, आणि गाणं सहा मिनिटांचं होतं.

सगळे जागेवर बसले. किशनरावांनी बोटाने खूण केली.

बेस सुरू झाला. काय सांगू, तीच चाल, तोच माणूस, पण खोलीतली हवाच बदलली. तारेची थोडी खरखर येत होती, सुराला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. पाचव्या पडद्यावर बोट गेलं, तार ओढली आणि सूर जिथे पाहिजे तिथे येऊन बसला. किशनरावांनी डोळे मिटले. भुजंगने ढोलकी धरली, भाऊजींचा बसलेला आवाजही कुठून तरी वर आला. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. आम्ही तिघींनी धुपद उचललं. तिसरं कडवं संपत आलं. आणखी एकच उरलं होतं.

आणि लाईट गेली.

मशीनची चाकं हळू होत होत थांबली. कॅसिओ मुका झाला. भाऊजी ओळ अर्धवट सोडून थांबले, भुजंगचा हात ढोलकीवर तसाच राहिला. अंधुक खोलीत कोणीतरी हळूच च्च म्हणालं. किशनराव हेडफोन काढून म्हणाले, जाऊ द्या, कॅसिओचं आहे आपल्याकडे, काम अडणार नाही.

लिंबाजी थांबले नव्हते. विजेशिवाय त्या गिटारीचा आवाज तो केवढा, दारावर बोटाने वाजवावं एवढा. त्यांनी तिसरं कडवं संपवलं, चौथं घेतलं. प्रत्येक ओळ त्या सुरावर आली आणि प्रत्येक वेळी त्यांनी तार ओढली. मी त्यांच्याबरोबर शेवटचं धुपद म्हटलं, हळू, एकटीनेच. गाणं संपलं तेव्हा त्यांनी तारांवर तळहात ठेवला आणि नाद थांबवला.

कॅसेटच्या कागदावर सगळ्यांची नावं छापायची होती, ती किशनरावांनी सकाळीच लिहून घेतली होती. त्यांनी वही उघडून म्हटलं, की लिंबाजी, तुमचं नाव बेससाठी ठेवतो, इतकी वर्षं वाजवताय, तुमचा मान आहे.

"नगं," लिंबाजी म्हणाले. "त्यात मी वाजवलं न्हाई. चाल माझी हाय, ती लिवा. बेस कॅसिओवर हाय, तसंच छापा."

भाऊजींनी उठून खिडकीवरची गोधडी बाजूला केली. तेवढ्या उजेडात किशनरावांनी वहीतली एक ओळ खोडली आणि लिंबाजी सांगतील तसं लिहून घेतलं.