छत्रीवाल्याचा डावा हात

मूकपट बघताना सगळ्यांनी गप्प बसलं पाहिजे असा हट्ट धरणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो नेमका तिच्याच वाट्याला बाप म्हणून आला होता.

"गप्प! मूकपट चालू आहे!" बाबा भर दुपारी, भर दुकानात, साबण फासलेल्या गिऱ्हाइकावर खेकसायचे. गिऱ्हाईक बिचारं लगेच गप्प. वस्तरा गळ्याशी असला की माणसं फार समजूतदार होतात.

दुकान केस कापायचं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, आणि खुर्च्यांच्या पाठीमागे वर टांगलेला टीव्ही. बाजूच्या भिंतीला गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाक. इतरांच्या दुकानात टीव्हीवर सामने असतात, गाणी असतात, बातम्यांमधली भांडणं असतात. इथे जुन्या सिनेमांचं चॅनल, आणि रोज दुपारी मूकपट. काळीपांढरी माणसं धावतायत, आपटतायत, एकमेकांच्या तोंडाला काहीबाही फासतायत, आणि बाबा वस्तरा हवेत धरून "वा! क्या बात है!" म्हणतायत. गिऱ्हाइकं त्यांना डायरेक्टर म्हणायची. ते कौतुकानं म्हणतात अशी बाबांची समजूत होती. ती मोडायला कुणाला वेळ नव्हता.

त्यातही बाबांचा जीव छत्रीवाल्यावर. हा एक हडकुळा, लांबोड्या तोंडाचा नट. प्रत्येक सिनेमात मिटलेली छत्री घेऊन फिरायचा. छत्रीनं दारं उघडायचा, गुंडांच्या तंगड्या ओढायचा, खिडकीतून पडणारी बाई झेलायचा. पाऊस आला तरी छत्री उघडायचा नाही, आणि यावर बाबा रोज नव्यानं हसायचे. असा कलाकार झाला नाही, होणार नाही. आणि मुख्य म्हणजे, डावखुरा होता.

"बघा, बघा! डावा हात!" बाबा गिऱ्हाइकाचं डोकं आरशाकडे वळवून सांगायचे. "सगळी करामत डाव्या हाताची!"

हे डाव्या हाताचं प्रकरण तिच्यापासून सुरू झालं होतं. लहानपणी ती पेन्सिल डाव्या हातात धरायची. मामा, म्हणजे आईचा भाऊ, गाडी शिकवायचे क्लास चालवायचा. दिवसभर लोकांच्या कानाशी डावं-उजवं ओरडून त्याची अशी खात्री झाली होती की जगातलं डावं-उजवं त्याच्याच मालकीचं आहे. तो घरी येऊन म्हणाला, "ताई, या हाताला आत्ताच वळण लाव. नाहीतर पोरगी वाया गेलीच म्हणून समज." आई घाबरली. तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, "छत्रीवाला डावखुरा आहे. तो वाया गेलाय का?" छत्रीवाला कोण हे मामाला ठाऊक नव्हतं. पेन्सिल डाव्याच हातात राहिली. त्या दिवशी बाबा तिला सिनेमातल्या कुठल्याही हिरोपेक्षा थोर वाटले होते.

आता गंमत अशी की छत्रीवाला डावखुरा नव्हता.

बाबा काम करताना आरशाकडे तोंड करून उभे. टीव्ही पाठीमागे. म्हणजे जन्मभर त्यांनी जे मूकपट पाहिले ते सगळे आरशात. घरचा टीव्ही तर आईच्या मालिकांच्या ताब्यात, तिथं बाबांना रिमोटला हात लावायची मुभा नव्हती. मूकपटात मधूनमधून संवादाच्या पाट्या येतात, त्या आरशात उलट्या दिसायच्या. म्हणून शाळा सुटल्यावर ती बाकावर बसून बाबांना त्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवायची. बाकावरून टीव्ही सरळ दिसे. आणि सरळ दिसणाऱ्या टीव्हीत छत्री स्वच्छ उजव्या हातात होती. अक्षरं उलटी दिसतात हे बाबांना कळत होतं. अक्षरांसोबत माणूसही उलटा होत असेल हे काही त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. आरशापुढे जन्म काढलेल्या माणसाला आरसा म्हणजेच जग, त्याला कोण काय करणार?

ती बोलली नाही. आपल्याच पायावर धोंडा कोण मारून घेतो?

मोठी झाल्यावर दुसरी खुर्ची तिची झाली. डाव्या हातात कात्री घेऊन ती असे केस कापायची की लोक बाबांची खुर्ची रिकामी असली तरी तिच्यासाठी बाकावर बसून राहत. पण दाढी म्हटली की गिऱ्हाईक उठून बाबांच्या खुर्चीत. तिला वस्तरा मनाई होती.

"कात्री ठीक आहे गं," बाबा म्हणायचे. "गळ्याशी मात्र उजवाच हात बरा."

"आणि तुमचा छत्रीवाला?"

"छत्रीनं गळा कापत नाही."

घ्या! डावखुऱ्यांचा एवढा मोठा भक्त, पण भक्ती हनुवटीपर्यंतच. ती घरी फुग्याला साबण फासून त्यावर वस्तरा फिरवायची. फुगे फुटायचे कधीच बंद झाले होते. बाबांना ते ठाऊक होतं, तरी नाहीच. आपण अर्धवट कारागीर, असं तिला रोज वाटायचं, आणि रोज तितकंच लागायचं. भांडायला तिच्याजवळ एकच हत्यार होतं: छत्रीवाल्याचा डावा हात. तोही खोटा.

अशात चॅनलवाल्यांनी टूम काढली. दर आठवड्याला एक प्रेक्षक निवडायचा, त्याच्या आवडत्या नटाबद्दल त्याला टीव्हीवर बोलायला लावायचं. बाबांनी फोन केला, आणि चॅनलनं, बहुधा दुसरं कुणी न मिळाल्यामुळे, बाबांना निवडलं. बाबांनी नवा शर्ट शिवून घेतला. भाषण पाठ केलं. विषय: छत्रीवाल्याचा डावा हात.

आता तिची पंचाईत. सांगावं, तर वस्तरा कायमचा गेला. न सांगावं, तर बाबांची शोभा चार लोकांत नाही, अख्ख्या चॅनलवर.

"बाबा, एकदा या बाकावर बसून बघा ना सिनेमा," तिनं सुचवून पाहिलं.

"बाकावर गिऱ्हाईक बसतं. मालक नाही."

झालं. संपला विषय.

चित्रीकरणाला कानात यंत्र घातलेली एक मुलगी आणि एक कॅमेरावाला असे दोघं आले. बाबा तावातावानं बोलले. शेवटी म्हणाले, "माझी मुलगीही डावखुरी आहे. तिचा हात छत्रीवाल्यासारखा आहे." कानातल्या यंत्रवाली मुलगी म्हणाली, "सो स्वीट!" तिनं आयुष्यात एकही मूकपट पाहिला नसावा. चॅनलमध्ये नोकरी मिळायला तीच अट असणार.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी मामा मुद्दाम घरी आला. आईनं मालिका सोडली, म्हणजे प्रसंग किती मोठा ते समजा. पडद्यावर बाबा आले, नवा शर्ट आला, "सगळी करामत डाव्या हाताची" हे वाक्य आलं. आणि त्या वाक्यावरच चॅनलवाल्यांनी छत्रीवाल्याचा तुकडा जोडला होता. हसरा, लांबोडा, आणि छत्री उजव्या हातात. टीव्हीपुढे सरळ बसून बाबा त्याला पहिल्यांदाच बघत होते.

मामा खो खो हसत सुटला. "भावोजी, हा उजवा! उजवा हात! या माझ्या क्लासला, फी घेणार नाही!"

"उलटा लावलाय त्यांनी," बाबा म्हणाले, पण आवाज खाली आला होता. "आमच्या दुकानात डावा असतो."

"सिनेमात त्याच्या मागं जे दुकान आहे त्याची पाटी सुलटी वाचता येतेय. माणूस तेवढा उलटा काय?" मामा तिच्याकडे वळला. "तू सांग गं. तू लहानपणापासून तिथं बाकावर बसायचीस. कुठला हात?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. नव्या शर्टाच्या कॉलरमध्ये त्यांची मान एवढीशी दिसत होती.

"डावा," ती म्हणाली. "चॅनलवाल्यांनी गोंधळ घातलाय. पाटी नंतर चिकटवली असेल."

"पाटी चिकटवली?"

"मामा, गाडीतलं तुला कळतं. सिनेमातलं बाबांना कळतं."

आई म्हणाली, "बरं, जेवायला वाढू का?" आणि मामा न जेवताच गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. आरशात छत्रीवाला आला, छत्री डाव्या हातात. बाबा खुर्ची पुसत होते. पुसता पुसता थांबले. फडकं खांद्यावर टाकून बाकापाशी गेले आणि बसले. मालक, बाकावर. मान वर करून त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग आरशाकडे, मग परत टीव्हीकडे.

"उजवा आहे," ते म्हणाले.

"हो."

"तुला कधीपासून ठाऊक?"

"पाट्या वाचून दाखवायचे तेव्हापासून."

"मग काल खोटं का बोललीस?"

"मामापुढे तुमचं हसं झालेलं मला नसतं बघवलं."

"आणि इतकी वर्षं?"

ती कात्री पुसत राहिली. पुसायचं काही उरलं नव्हतं. "माझी बाजू घ्यायला तुमच्याकडे दुसरं कारणच नव्हतं ना, बाबा."

टीव्हीत छत्रीवाला जिन्यावरून गडगडत खाली आला. दुकानात कुणी हसलं नाही.

बाबा उठले. स्वतःच्या खणातला स्वतःचा वस्तरा काढला, तिच्यापुढे ठेवला, आणि तिच्या खुर्चीत जाऊन बसले. गळ्याभोवती टॉवेलही स्वतःच गुंडाळला.

"कारण कशाला लागतंय?" ते म्हणाले. "माझी पोरगी आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. गाढव मी. त्या छत्रीवाल्याला साक्षीला बोलावत बसलो. कर, दाढी कर."

तिनं साबण फासला. वस्तरा डाव्या हातात घेतला. आरशातल्या मुलीनं तो उजव्या हातात घेतला. बाबांनी ते पाहिलं, आणि मान मागे टाकून डोळे मिटून घेतले. तिचा हात जराही हलला नाही. डोळे भरून आले होते, पण फुग्यावर सराव केलेल्या हाताला डोळ्यांची गरज नव्हती.

"कानाखाली जरा जपून गं," बाबा मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "तिथं माझी कातडी..."

"गप्प," ती म्हणाली. "मूकपट चालू आहे."