भिंगरीची तीन मिनिटं

मी भिंगरी बोलतेय. भराभर बोलते, राग मानू नका. हळू बोलायला गेलं की माझे पाय वळवळतात. जात विचाराल तर सांगता यायची नाही. आई राजुऱ्याच्या बाजारातली, बाप कोण ते आईलाही आठवत नव्हतं. रंग मातकट, एक कान उभा, एक पडलेला. शेपटी मात्र अशी आहे की तिनं आजवर चहाचे तीन पेले फोडलेत.

नाव ठेवलं इनायतभाऊनं. राजुऱ्यात त्याचं वेल्डिंगचं दुकान. एक दिवस पावसाला भिऊन मी त्यात शिरले. पत्र्याखालून निघाले, खिडकीच्या जाळीतून आरपार गेले, त्याच्या चपलेवरून उडी मारून परत पत्र्याखाली. तो हातातलं काम टाकून बघतच राहिला. "बाप्पा! हे कुत्री हाये का भिंगरी?" म्हणाला, आणि झालं माझं बारसं.

दुकानामागच्या दोन खोल्यांत त्याचं बिऱ्हाड होतं. त्याची बायको सुलतानाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "घरात नमाजाची जागा हाये. इथी तिचा पाय पडला नाई पायजे. दुकानात काय करायचं थे करा." मी उंबऱ्याच्या अलीकडे, ती पलीकडे. पण रोज संध्याकाळी भाताची वाटी तेवढी उंबरा ओलांडून अलीकडे यायची. वाटी सरकवताना बाई भलतीकडेच बघत असायची, जणू ती वाटी तिची नव्हेच.

सत्त्याण्णव साल असेल. इनायतभाऊ चंद्रपूरला एका मैदानाचं फाटक बसवायला गेला. तिथं कुत्र्यांची स्पर्धा चालली होती. उड्या काय, लाकडी डंबेल तोंडात धरून आणणं काय, मालकाच्या डाव्या पायाला चिकटून चालणं काय! फाटक राहिलं बाजूला, हा दिवसभर तेच बघत उभा. अडथळे वितीनं मोजून आला आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांची कामं ठेवून सायकलचे जुने पाइप जोडायला बसला.

"कुत्रीसाठी फाटकं करून राह्यले काय?" सुलतानाबाईनं विचारलं.

"फाटक नाई. उडी हाये थे."

"गिऱ्हाईक तुमच्यावरून उडी मारून दुसऱ्याच्या दुकानात जाईन तवा समजन."

उड्या मला शिकवाव्या लागल्या नाहीत. डंबेल तर मी न फेकताच आणून द्यायची. अडलं घोडं एकाच ठिकाणी. स्पर्धेत शेवटी एक परीक्षा असते. मालक म्हणणार "बस", पंजा दाखवणार, पाठ फिरवणार आणि तंबूमागं दिसेनासा होणार. कुत्र्यानं तीन मिनिटं तिथंच बसायचं. हलायचं नाही, उठायचं नाही, मागं जायचं नाही. अहो, तीन मिनिटं! तीन मिनिटांत मी बाजाराला दोन फेऱ्या मारते. माशी येते, मुंगी येते, कोंबडी समोरून मान हलवत जाते. आणि ज्याच्यासाठी बसायचं तोच दिसत नाही. माणसांना ही असली परीक्षा सुचते तरी कशी!

आमचा सराव दुपारी चालायचा, गिऱ्हाईक जेवायला गेलं की. दुकानाशेजारी रिकामी जागा होती. मी बसायची, तो भिंतीमागं जायचा. चार श्वास झाले की मी त्याच्या मागं. तो परत आणून बसवायचा. दिवसाला पंधरा वेळा, वीस वेळा. एकदाही हात उगारला नाही त्यानं. फक्त स्वतःच्याच कपाळाला हात लावायचा. मग अडीच वाजता खाणीचा भोंगा व्हायचा, आता सुरुंग उडणार म्हणून. भोंगा झाला की गिऱ्हाईक यायची वेळ. इनायतभाऊ भिंतीमागून यायचा, "झालं!" म्हणायचा आणि पावाचा तुकडा द्यायचा. मागाहून धाडकन आवाज येऊन दुकानातले पत्रे थरथरायचे. हे रोजचं. त्यात काही शिकवलं जातंय असं त्याला वाटलं नाही, मलाही नाही.

आणि मग माझ्या हातून ते झालं. हातून म्हणजे पायातून. दुकानाच्या जागेचे मालक गुणवंतराव शेजारीच राहायचे. त्यांची बायको धुरपताबाई पाण्याची गुंडी घेऊन येत होती आणि मी एका खारीमागं धावत होते. मी तिच्या पायांमधून गेले. खार गेली झाडावर, बाई पडली फरशीवर. मनगट मोडलं. तिचं ते ओरडणं ऐकून मी पत्र्याखाली शिरले ती दिवसभर बाहेर आले नाही. लाज कशी असते ते मला त्या दिवशी कळलं.

गुणवंतराव वाईट माणूस नाही. शांतपणेच म्हणाले, "इनायत, बारा वर्षं झाले तुले दुकान देऊन. कधी काई बोललो नाई. पन आता कुत्री राहीन, नाई तं तू राहशीन."

"भाऊ, शिकवून राह्यलो ना तिले. पुढच्या महिन्यात चंद्रपूरले स्पर्धा हाये. तीन मिनिटं बसून दाखवन थे."

"हे? तीन मिनिटं?" गुणवंतराव हसलेच. "बसून दाखवू दे. माह्या डोळ्यानं पाहतो. बसली तं राहू दे इथीच. उठली तं त्याच दिवसापासून तिची दुसरीकडं सोय पाय."

झालं, ठरलं. तो महिना इनायतभाऊनं दुसरं काही केलं नाही. आणि काय सांगू, मी बसायला लागले! एक मिनिट, मग दोन, मग तीन. मागचे पाय पळायला बघायचे, पण बसायची. सुलतानाबाई दारातून घड्याळ बघायची. पहिल्यांदा तीन मिनिटं झाली तेव्हा ती उंबरा ओलांडून अलीकडे आली आणि माझ्या पडलेल्या कानाला बोट लावून गेली. नंतर अर्धा तास हात धूत होती ते सोडा.

स्पर्धेला मी टेम्पोतून गेले. गुणवंतराव पुढं, मी मागं पाइपांवर. मैदानावर नागपूरची मोठमोठी कुत्री आलेली, अंगावरचे केस विंचरलेले. माझ्याकडे बघून कोणीतरी म्हणालं, "हे कोनत्या जातीचं हो?" इनायतभाऊ ताठ मानेनं म्हणाला, "राजुऱ्याची."

उड्यांत मी पहिली आले. डंबेलला पैकीच्या पैकी. गुणवंतरावांनी टाळी वाजवली, मी बघितलं. मग जेवणाची सुट्टी झाली, आणि त्यानंतर बसायची परीक्षा. आठ कुत्री एका रांगेत. इनायतभाऊनं पंजा दाखवला. "बस," म्हणाला आणि तंबूमागं गेला.

बसले. माशी आली, बसले. शेजारच्या कुत्र्यानं जांभई दिली, बसले. एक मिनिट झालं. दोन झाली. पायात मुंग्या, तरी बसले. परीक्षक घड्याळ बघत होते.

आणि दुरून कुठल्याशा खाणीचा भोंगा वाजला.

झालं! मी उठले. खरं सांगते, आयुष्यात मी एवढी खूश कधी झाले नव्हते. शेपटी फिरवत तंबूमागं गेले, इनायतभाऊसमोर बसले आणि पावासाठी तोंड वर केलं. मागं सगळं मैदान हसत होतं. मला वाटलं, माझ्याच कौतुकानं हसताहेत. बाकीची सात बिचारी अजून बसली होती, भोंगा झाला तरी कळत नव्हतं त्यांना.

इनायतभाऊनं कपाळाला हात लावला. "भोंगा..." म्हणाला. "या खुदा, मीच शिकवलं तिले." परीक्षकांकडे धावला, हात जोडले, सगळं समजावून सांगितलं. परीक्षकांनी ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कागदावर काट मारली. वीस सेकंद कमी पडले होते. गुणवंतराव टेम्पोजवळ उभे होते. खाली बघत म्हणाले, "मले बी वाईट वाटते, इनायत. पन तिचं मनगट अजून वळत नाई."

चार दिवसांनी सुलतानाबाईनं मला सकाळीच भात दिला. वाटीत कलेजी होती. या खेपेला ती भलतीकडे बघत नव्हती, माझ्याकडेच बघत होती, आणि मला ते आवडलं नाही. मग टेम्पो. लांब, खूप लांब, चिमूरच्याही पलीकडे. तिथं इनायतभाऊच्या जुन्या दोस्ताचं, मुखरूचं सोयाबीनचं वावर आहे. डुकरं फार येतात, त्याला कुत्री हवीच होती.

"बांध तिले," मुखरू म्हणाला. "नाई तं गाडीमागं पळन."

"बांधाचं काम नाई," इनायतभाऊ म्हणाला. "थे बसते."

माझ्यासमोर आला, गुडघ्यावर बसला. पंजा दाखवला. "बस, भिंगरी." आणि पाठ फिरवली. झाडांमागं दिसेनासा झाला. टेम्पोचा आवाज झाला, लहान झाला, गेला. पाय उठायला धडपडत होते, मी त्यांना उठू दिलं नाही. एकदा चुकले होते. आता नाही चुकायचं.

ऊन उतरलं. समोरून ससा गेला. मुखरूची बायको सुगंधाबाई भाकरी घेऊन आली, माझ्यापुढे ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "लय चळवळी हाये म्हनत होते ना जी? हे तं हलून बी नाई राह्यली."

तुमच्यापैकी कोणी राजुऱ्याकडे जाणार असेल तर एवढं करा. वेल्डिंगच्या दुकानात इनायतभाऊ भेटेल. त्याला सांगा, तीन मिनिटं कधीच झाली. भिंगरी उठली नाही.