कोऱ्या चहाचा थर्मास

तुम्हीच सांगा, विश्वास कुणावर ठेवावा? झाकणावर, की झाकण काढल्यावर येणाऱ्या वासावर? घाईनं उत्तर नका देऊ. आधी माझं ऐका.

मी थर्मास बोलतोय. स्टीलचा, दुहेरी भिंतीचा. कारखान्यातून निघालो तेव्हा अंगावर चिठ्ठी होती, 'दिवसभर गरम'. माझ्याबद्दल खरं सांगणारी ती शेवटची चिठ्ठी.

मला घेतलं एका रंगवाल्याच्या बायकोनं, नवऱ्याला दुकानात गरम चहा मिळावा म्हणून. गल्ल्याशेजारी माझी जागा. तिथं बसून मीही धंदा शिकलो. भाव सांगताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघायचं. हात डब्यावर टेकला की माल विकला गेला समजा. मालकाचा हात दिवसभर माझ्यावर टेकलेला असायचा. मी विकला गेलोय हे मला उशिरा कळलं.

रंग जुळवण्यात मालकाचा हात धरणारा बाजारात कुणी नव्हता. भिंतीचा पोपडा आणून द्या, थेंब इकडचा, थेंब तिकडचा, हुबेहूब रंग तयार. हीच कला त्यानं माझ्या पोटात चालवली. आधी दारूत दुधाचा चहा घालून बघितला. नासला. गाठी तळाला चिकटल्या, आणि हा बोटानं खरवडून ते बोट चाटतोय! मळमळलं मला. पण थर्मासला ओकायची सोय कुठली? मग तो कोऱ्या चहावर आला. चमचाभर चहा, बाकी रम. कुणी विचारलंच तर, "डॉक्टरांनी दूध बंद केलंय." आणि वास? दुकानभर थिनर घमघमतोय, कुणाला कळणार, असा त्याचा हिशोब. माझ्या झाकणाच्या आट्यांत चिकट थर साचला, त्यात चिलटं मरून पडली. त्याच झाकणातून तो प्यायचा.

एकदा एक रंगारी झिंगत दुकानात आला. मालक ओरडला, "बेवड्या, पिऊन माझी पायरी चढतोस? चल नीघ!" आणि राग शांत व्हावा म्हणून माझ्यातून झाकणभर ओतून घेतली. मला स्वतःच्याच पोटाची किळस आली.

मग एका दुपारी त्याच्या सासूबाई दुकानात आल्या. त्यांना खोकला. सोबत आलेल्या मालकिणीनं मायेनं माझ्यातला 'चहा' ओतून दिला. म्हातारीनं घोट घेतला आणि डोळे पांढरे केले.

"जावईबापू, यात घातलंय काय?"

"आलं, आई. जरा जास्त पडलं."

मालकिणीनं झाकण हुंगलं. आधी आईला वाटेला लावलं. मग म्हणाली, "दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते म्हणे गावात. रविवारपर्यंत ती जागा शोधा. नाहीतर मी पोरीला घेऊन दादाकडे चालले. आणि ते आलं कसं जास्त पडलं, ते पोरीलाच समजावा."

शोधायची म्हणजे विचारायची. त्यानं औषधवाल्याला गाठलं. "माझ्या एका मित्रासाठी हवाय, त्या बैठकीचा पत्ता..."

औषधवाल्यानं मान वर केली नाही. "मित्राला सांगा, जुन्या छापखान्याच्या वर. जिना मागून आहे. रविवारी सकाळी."

रविवारी हा निघाला, तर धीर यावा म्हणून मला काठोकाठ भरून! दारू सोडायला दारू घेऊन. छापखान्यासमोरून तो नुसताच पुढे गेला, मागे आला, पुन्हा गेला. पाटी कुठंच नव्हती. 'जागा सापडलीच नाही' हा रंग त्याच्या डोक्यात जुळत आलाच होता. तेवढ्यात मागच्या जिन्यावरून हाक आली, "शेठ, इकडनं या."

तोच रंगारी. ज्याला बेवडा म्हणून हाकललं होतं, तो.

वर साधी खोली. खुर्च्या, केटली, कपाळाला चष्मा लावलेल्या एक निवृत्त शाळामास्तरीणबाई. केटली रिकामी झाली तशा बाई म्हणाल्या, "हे थर्मास घेऊन आलेत की! ओता."

"गार झालाय."

"चालेल."

"दूध नाहीये त्यात."

"तेही चालेल हो."

मालकानं झाकण फिरवलं. वास खोलीभर पसरला. एकजण उठून खिडकीशी गेला, एकानं रुमाल नाकाला लावला. बाई मात्र शांत. "मी शेकायच्या रबरी पिशवीत भरायचे. पोट दुखतं म्हणून वर्गात कुशीत घेऊन बसायचे. पोरं म्हणायची, बाईंना फार त्रास आहे हो."

मालक मला घेऊन मोरीपाशी गेला आणि तिथं त्याचा हात अडला. मला वाकडं करवेना. रंगारी शेजारी आला. "शेठ, नळ मी सोडतो. ओतायचं मात्र तुम्ही."

ओतलं. ते घाणेरडं पाणी गुळगुळ करत गेलं. मालक भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला.

इथंच गोष्ट संपली असती तर मी सुखी झालो असतो. पण पुढे मध्येच एकदा त्यानं मला पुन्हा रमनं भरलं. तेच बोट, तेच चाटणं. वाटलं, गेला हा. पण संध्याकाळी घरी येऊन त्यानं स्वतःच झाकण काढलं आणि बायकोपुढे धरलं. "हुंग. हे आलं नाहीये."

तिनं नाक दाबलं. मग म्हणाली, "मोरीत ओता. आणि रविवारी त्या लोकांनाही हेच सांगा."

त्यानं सांगितलं.

आता बैठकीचा चहा माझ्यातून जातो. लिंबू, सोडा, राख, सगळं लावून घासून झालं. माझा वास काही पुरता जात नाही. लोक तोंड वाकडं करून पितात. मालकीण रोज झाकण उघडून हुंगते. तो रागावत नाही. मीही नाही. विश्वास उधारीवर मिळत नसतो, हे दोघांनाही पटलंय.

तुमच्याही घरात एखादं झाकण घट्ट लावलेलं असेल. एवढंच मागणं आहे माझं: हिशोब चोख ठेवा. बाहेर चहा म्हणाल, तर आत चहाच असू द्या.