कॅलेंडराखालची पाचवी ओळ

मित्रांनो, मी एक पत्र्याचा फलक. आता गंजलो आहे, आणि खरे सांगायचे तर चिडलेलाही आहे.

मानसिक आरोग्याचा नवा कायदा आला, तेव्हा कोंडीराम पेंटरने बुधवार पेठेत मला रंगवले. 'रुग्णांचे हक्क' हे शब्द त्याने अगदी जीव लावून काढले. मला वाटले, चला, आपल्या हातून पुण्य घडणार!

बिबवेवाडीतल्या एका खाजगी मनोरुग्णालयात मला लावले. तपासणीचे साहेब आले, "वा!" म्हणाले, चहा पिऊन गेले. दुसऱ्याच दिवशी भाग्यश्री सिस्टरनी माझ्या पोटात खिळा ठोकून औषध कंपनीचे कॅलेंडर टांगले. वर विठोबाचे चित्र, खाली झाकलेली माझी पाचवी ओळ. बरोबर तीच! देवाला हात कोण लावणार? लबाडीलाही सोवळे नेसवतात ही माणसे.

मग सदाशिव पेठेतल्या शालनताई आल्या. कीर्तनाला कायम पहिल्या रांगेत बसणारी बाई. यजमान गेल्यापासून झोप उडाली, म्हणून आपण होऊन आल्या, स्वतः सही केली. तीन आठवड्यांत बऱ्या झाल्या आणि म्हणाल्या, "मला घरी जायचंय."

"मुलाची सही लागेल," सिस्टर म्हणाल्या.

"येताना माझी चालली ना?"

"अहो आजी, दत्तप्रसाद आयटीत आहेत. प्रोजेक्ट संपला की येतील. इथे काय वाईट आहे? आयता चहा मिळतो."

"मग तुम्हीच राहा की!"

महिना उलटला, प्रोजेक्ट काही संपेना. ताई खिडकीशी बसून अभंग गुणगुणत. सिस्टरनी कागदावर लिहिले, 'एकटीच बडबडते.' देवाचे नाव घेणे हा काय आजार झाला?

एकादशीला ताई कॅलेंडरापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. पंख्याच्या वाऱ्याने कॅलेंडर हलले, खालची अक्षरे दिसली. "माफ कर हं देवा, जरा बाजूला हो," म्हणत त्यांनी ते उचलले आणि कीर्तनकारासारख्या खणखणीत आवाजात वाचले, "स्वेच्छेने दाखल झालेल्या रुग्णाने मागणी करताच त्यास घरी सोडावे. तपासणीसाठी थांबवल्यास चोवीस तासांपर्यंतच!"

सगळा वॉर्ड गोळा झाला.

"अहो, ते तपासणीच्या साहेबांसाठी आहे," सिस्टर बोलून गेल्या.

ताईंनी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. डॉक्टर कुरकुरले, तपासले. अडवायला कारण सापडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई रिक्षाने एकट्या घरी गेल्या. मुलाचा फोन त्यानंतर तिसऱ्या दिवशी आला.

मला मात्र 'रंग उडालाय' म्हणून उतरवले. आता जिन्याखाली मोडक्या खाटांमागे पडलो आहे. मला पुसू नका, हारही घालू नका. माझ्यावर लिहिलेले तेवढे पाळायला लावा.

काल वॉर्डातल्या हिराने घरी जाण्याच्या अर्जासाठी कोरा कागद मागितला. "संपलेत," सिस्टर म्हणाल्या. मित्रांनो, तुमच्या वह्यांत पुष्कळ पाने असतील. एक फाडून तिला नेऊन द्या.