उजवीकडून येणाऱ्याचा मान

रस्त्यात आडवा टाकलेला लाल-पांढरा अडसर दिसला आणि बाबांनी ब्रेक असा दाबला, की मंत्रीणबाईंचा चष्मा नाकावरून थेट मांडीवर आला.

"आता हे काय नवीन?" बाबा, म्हणजे आल्विन हासेनकाम्प, चिडले. "मुख्य रस्ताच बंद?"

"गावच्या नेमबाज मंडळाची वार्षिक मिरवणूक नाही का आज! गल्ल्यांतून जाऊ की," मंत्रीणबाई, म्हणजे त्यांची मुलगी गुडरून, म्हणाली.

बाबांनी कपाळ पुसलं. शहाऐंशी वर्षांचा माणूस, दर शनिवारी ही गाडी स्वतःच्या हातांनी धुणारा, पण आत्ता घामाघूम झाला होता. ऊन काही फार नव्हतं. तिला वाटलं, कॅमेऱ्यांचं दडपण आलं असेल.

कॅमेरे होतेच बाजारचौकात, आणि तिनंच बोलावलेले. बाईंनी उभा जन्म म्हातारपणाच्या संशोधनात घातला होता. शेकडो आजी-आजोबांना खुर्चीत बसवायचं, दिवा लागला की बटण दाबायला सांगायचं. त्यातून सिद्ध केलं, की वय म्हणजे आजार नव्हे. त्या एका वाक्यावर प्राध्यापकी मिळाली, नाव झालं आणि शेवटी तेव्हाच्या राजधानीत, बॉनला, मंत्रिपदही. आता पंच्याहत्तरीनंतर गाडी चालवायची तर सक्तीची तपासणी, असं विधेयक विरोधकांनी आणलं होतं. मतदान गुरुवारी. टीव्हीवर ही तावातावानं बोलून बसली, "माझ्या वडिलांकडे बघा! घड्याळासारखे चालतात. रविवारी गावच्या बाजारचौकात तेच मला गाडीतून घेऊन येतील." झालं! अख्ख्या देशानं ऐकलं. आणि गंमत बघा, बाईंना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. आधी वेळ नव्हता, आता सरकारी ड्रायव्हर होता. त्याला आज सुट्टी.

बाबांनी गाडी गल्लीत घातली. तिथे ना पाटी, ना सिग्नल. एकच नियम, शाळकरी पोरांनाही पाठ असलेला: उजवीकडून येईल त्याला आधी जाऊ द्यायचं. पहिल्या तिठ्यावर बाबा इतके रेंगाळले की मागच्यानं हॉर्न वाजवला.

"वाजव, वाजव! तुझ्या बापाचा रस्ता आहे ना!" बाबा पुटपुटले. गुडरूनला हसू आलं.

दुसऱ्या तिठ्यावर मात्र ते थांबलेच नाहीत.

सायकल तिला दिसली. उजवीकडून येणारी, टोपलीत फुलं, वर एक बाई. "बाबा!" ती किंचाळली. ब्रेक लागला, पण सायकल भिंतीवर जाऊन आदळली आणि बाई रस्त्यावर पडली. ती दार उघडून धावेपर्यंत बाई उठलीसुद्धा होती. कोपर चांगलंच सोलवटलं होतं.

"डोळे फुटले का, आजोबा?" ती ओरडली. "मेले असते मी!" माफी मागायला गुडरून पुढे झाली, तर तिचा हात झिडकारून, वाकडं चाक ढकलत ती बाजारचौकाकडे चालू पडली.

बाबांनी गाडी भिंतीकडेला लावली.

"मला दिसलीच नाही गं ती."

"उजवीकडे बघितलंत तरी का?"

"मान वळत नाही."

"कधीपासून?"

"ईस्टरपासून."

"अहो, आणि गाडी चालवताय?"

"मुख्य रस्त्यानं! तिथे सगळे आपल्याला वाट देतात, मान लागतेच कुठे? बेकरी, चर्च, तुझ्या आईची कबर. आणखी कुठे जायचंय मला?"

"मग डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"आणि ते बाहेर फुटलं असतं तर? मंत्र्यांचं घड्याळ बिघडलं म्हणून? तू देशाला सांगून मोकळी झालीस, पोरी. मला विचारलं होतंस?"

नव्हतं विचारलं. शेकडो म्हाताऱ्यांना तिनं प्रश्न विचारले होते, घरचा तेवढा राहिला होता. तिला स्वतःचीच शरम वाटली.

"चावी द्या," ती म्हणाली. "चालत जाऊ."

वाटेत बाबा हळूच म्हणाले, "रस्ता बंद होता म्हणून सांग. खोटं थोडंच आहे?"

खोटं नव्हतंच. तेवढं म्हटलं की गुरुवार निभावला, मंत्रिपदही राहिलं आणि बाबांची अब्रूही.

चौकात बँड वाजत होता. पत्रकार हसत पुढे आले. "मॅडम, गाडी कुठाय?"

"रस्ता बंद होता," गुडरून म्हणाली. शेजारी बाबांचा श्वास मोकळा झाला.

तेवढ्यात तिला कारंज्यापाशी ती सायकलवाली बाई दिसली. कोपर धूत होती आणि धुता धुता थांबून हिच्याकडेच बघत होती.

"पण चालत आलो ते त्यामुळे नाही," गुडरून पुढे म्हणाली. "माझ्या वडिलांना उजवीकडे बघता येत नाही. आत्ता त्या बाई मरता मरता वाचल्या. दोष वडिलांचा नाही, माझा आहे. त्यांना न विचारता मी शब्द दिला. गुरुवारी मी तपासणीच्या बाजूनं मत देणार."

एकच गलका उडाला. तिच्या पक्षाच्या माणसानं कपाळावर हात मारून घेतला. गुडरून वडिलांच्या उजव्या हाताला उभी होती. तिनं चावी मुठीत घट्ट धरली.

"बाबा, रागावलात?"

तिच्याकडे बघायला त्यांना अख्खं अंग वळवावं लागलं.

"रागावलोय तर!" ते म्हणाले. "आता शनिवारी मी धुवायचं काय?"