डाव्या पायाचे आभार

उस्ताद नौफल आमच्या तेतुआनच्या निवृत्तांच्या मंडळात आला तो एका बगलेत रक्तदाबाचे यंत्र आणि दुसऱ्या बगलेत कोऱ्या वह्यांचा गठ्ठा घेऊन. मंडळ दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना असा उभा, की वर पोचलेला प्रत्येक म्हातारा आधी भिंत धरतो आणि मग सलाम करतो. नौफलने आम्हाला दारातच गाठले. आम्ही धापा टाकत असतानाच एकेकाच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडे लिहून घेतले आणि दुःखाने मान हलवली.

"बघा," तो म्हणाला, "कुरकुरीने तुमच्या रक्ताचं काय करून ठेवलंय!"

मला तेव्हाच म्हणावेसे वाटले, की बाबा रे, हे जिन्याने केले आहे. म्हणालो नाही. एकतीस वर्षे मी शाळेच्या ग्रंथालयात काढली. तिथे लोकांना गप्प बसा म्हणून सांगावे लागते. मला मात्र तसे कोणी सांगायची गरज कधी पडली नाही. शिवाय तो शिकलेला माणूस, कासाब्लांकाहून आलेला. आपल्याला काय कळते, असे मनात आले.

नौफलची विद्या सोपी होती. रोज ज्यांबद्दल आभार मानावेत अशा तीन गोष्टी वहीत लिहायच्या. चाळीस दिवस. त्याने झोप सुधारते, रक्तदाब उतरतो, सांधे मोकळे होतात, जखमासुद्धा लवकर भरतात. तक्रार मात्र विष. त्यासाठी त्याने टेबलावर प्रत्येकाच्या नावाची काचेची बरणी मांडली. ज्याच्या तोंडून कुरकुर निघेल त्याच्या बरणीत एक हरभरा. पंचाहत्तरीची माणसे, त्यांतल्या दोघांनी वाळवंटातल्या लढाईत गोळ्या खाल्लेल्या. पण हरभऱ्याच्या भीतीने तीसुद्धा गुडघ्यावरचा हात गुपचूप काढून घेऊ लागली.

खोटे कशाला लिहू, पहिला आठवडा मला झोप बरी लागली. अंगणातले अंजिराचे झाड, भट्टीतून येणारा पावाचा वास, असे काहीबाही मी लिहीत असे आणि दिवस जरा हलका जाई. आभार मानणे वाईट नाही. आमच्याकडे ते नौफलच्या खापरपणजोबाच्या आधीपासून चालत आले आहे, आणि त्याला वही लागत नाही.

अय्याद माझा शेजारी. पन्नास वर्षे बलगे शिवत होता. पिवळ्या कातड्याच्या, मागून उघड्या त्या चपला. रस्त्यात कोणी भेटले की तो तोंडाकडे बघत नाही, आधी पायाकडे बघतो. त्याला लिहिता येत नाही, म्हणून त्याची वही माझ्या गळ्यात पडली. माझे अक्षर बरे आहे आणि मला नाही म्हणता येत नाही, या दोन्ही गोष्टी मंडळात सगळ्यांना ठाऊक आहेत.

"लिही, आ सी मफद्दल," तो माझ्या नावाला मानाचा 'सी' लावून सांगायचा, "बायको रहिमो जिवंत आहे, हमदुलिल्लाह."

"हे कालच लिहिलं."

"मग आजही जिवंतच आहे की! तुझ्या वहीसाठी मारू का तिला?"

"दुसरं काहीतरी सांग."

"रहिमोनं कढणात लसूण ओतला नुसता. पण केलं तर खरं. हे आभारात बसतं की हरभऱ्यात?"

"अर्धं अर्धं."

"मग केलं तेवढंच लिही."

मी लिहीत असे, जरा नटवूनही लिहीत असे. नौफल ती पाने सगळ्यांसमोर वाचून दाखवी आणि अय्यादची रिकामी बरणी उचलून धरी. अय्याद मान खाली घालून हसे. त्याला नऊ वर्षांपासून साखर आहे, आणि त्या दिवसांत तो डावा पाय किंचित ओढत होता. मी ते पाहिले होते.

आमच्याकडे माणूस भेटला की "लाबास?" असे विचारतात. म्हणजे, काही वाईट तर नाही ना? उत्तरही तोच शब्द, वर देवाचे आभार: "लाबास, हमदुलिल्लाह." ज्याचे छप्पर काल कोसळले तोही हेच म्हणणार. म्हणून एकदा विचारून शहाणा माणूस थांबत नाही. पुन्हा विचारायचे, मग घरच्यांचे विचारायचे, मग प्रकृतीचे, पुन्हा लाबास, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला समोरचा उसासा टाकून म्हणतो, "काय सांगू भावा..." खरी गोष्ट तिथून सुरू होते. नौफलही हाच पाव खाऊन वाढलेला, त्याला हे माहीत नसेल असे नाही. पण तो पहिल्याच लाबासला थांबे आणि कागदावर दहापैकी दहा मांडून पुढच्या माणसाकडे वळे. चाळीस दिवसांत ज्याला माणसे सुखी करून पुढच्या गावी जायचे आहे, त्याला चौथा लाबास परवडत नाही.

आणि मी? मीही हल्ली एकदाच विचारू लागलो होतो. वही भरायची असे.

अडतिसाव्या दिवशी अय्याद खुशीत आला. "आज बायको नको. आज पाय लिही."

"कुठला पाय?"

"डावा. महिनाभर छळत होता मेला, रात्रंदिवस ठणका. कुणाला बोललो नाही, उगाच हरभरा कशाला? तीन दिवस झाले, दुखतच नाही. काहीच कळत नाही बघ, जणू दुसऱ्याचाच पाय. हमदुलिल्लाह."

मी लिहिले. 'दुखत नाही' यानंतर पूर्णविराम दिला. पुढचे, दुसऱ्याच्या पायाचे वाक्य मला बोजड वाटले. ते मी गाळले.

घरी गेल्यावर ते गाळलेले वाक्य डोक्यातून जाईना. कपाटात एक जुने वैद्यकाचे पुस्तक आहे. साखरेच्या रोग्याचा दुखरा पाय एकाएकी दुखायचा थांबला आणि बधिर झाला, तर आनंद मानू नये, उठून इस्पितळ गाठावे, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. मी ते तीनदा वाचले. मग विचार केला, की पुस्तक जुने आहे. आपण डॉक्टर नाही. उद्या हसे होईल. दुसऱ्या दिवशी अय्यादच्या दारात गेलो. "लाबास?" म्हणालो. तो "लाबास" म्हणाला. मी परत आलो. पुस्तके वाचून माणूस शहाणा होतो, असे मुलांना सांगत मी निवृत्त झालो.

चाळिसाव्या दिवशी समारंभ होता. नगरपालिकेचे दोन पाहुणे होते, घरची मंडळी होती. या वेळी नौफलने आम्हाला तासभर खुर्च्यांवर बसवले, पुदिन्याचा चहा पाजला, आणि मग पट्टा गुंडाळला. प्रत्येकाचा आकडा उतरलेला! टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी जिन्याविषयी काही विचारले नाही.

मग नौफलने अय्यादची वही उघडली. "ऐका! 'डावा पाय आता दुखत नाही.' औषध नाही, गोळी नाही. नुसते आभार! याहून मोठा पुरावा काय हवा?"

अय्याद उठून हात छातीवर ठेवून वाकला. वाकताना त्याने खुर्ची धरली. मी उभा राहिलो.

"पान अपुरं आहे," मी म्हणालो.

"काय म्हणता, सी मफद्दल?"

"पुढे एक वाक्य होतं. पायाला काहीच कळत नाही, असं. मी गाळलं. चूक माझी आहे."

नौफल प्रेमळ हसला. माझ्या बरणीत एक हरभरा टाकला. टण्ण आवाज झाला, लोक हसले. एरवी मी खाली बसलो असतो. पण का कोण जाणे, त्या आवाजाने मला राग आला. चाळीस वर्षांत न आलेला.

मी अय्यादकडे वळलो. "लाबास, अय्याद?"

"लाबास, हमदुलिल्लाह."

"लाबास?"

"लाबास, म्हटलं ना."

"घरचे? प्रकृती? लाबास?"

"अरे, काय नाटक लावलंयस भर सभेत!"

"लाबास?"

तो खुर्चीत टेकला. मग हळूच म्हणाला, "काय सांगू भावा... बलग्यात पाय घातला की नाही, तेसुद्धा वाकून बघावं लागतं."

"मोजा काढ."

"बायकांसमोर?"

"पन्नास वर्षं लोकांच्या पायांत नाक खुपसलंस. आता तुझा दाखव."

मोजा निघेना, चिकटला होता. रहिमोने गुडघे टेकून तो ओढला आणि वास खोलीभर पसरला. दोन बोटे वांग्यासारखी काळी पडली होती.

"म्हणजे रोज पाय धुतो म्हणून सांगत होतास ते खोटं होतं!" रहिमो ओरडली. "मला दाखवायला काय झालं होतं तुला? मी काय हरभरे मोजते?"

नौफल दोन पावले मागे सरकला. "हे बघा, मी काही डॉक्टर नाही," तो म्हणाला. चाळीस दिवसांत त्याच्या तोंडून निघालेले हे पहिले खरे वाक्य.

इस्पितळात दोन बोटे काढावी लागली. पाय राहिला. आणखी आठवडा गेला असता तर गुडघ्याखाली काही उरले नसते, असे सर्जन म्हणाला. नौफलने निरोप धाडला, की उरलेल्या आठ बोटांबद्दल अय्यादने वहीत जरूर लिहावे. रहिमोने त्यावर जे उत्तर पाठवले ते मला इथे लिहिता येणार नाही. सध्या नौफल दुसऱ्या गावातल्या म्हाताऱ्यांना दारात गाठत असतो, असे ऐकतो. तिथेही जिना असेलच.

अय्यादने माझे आभार मानले असतील असे कोणाला वाटेल. अकरा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. भर सभेत त्याचा मोजा उतरवला, हा माझा गुन्हा. मलाही वाटत राहिले, की बाजूला नेऊन सांगता आले असते. की अडतिसाव्याच दिवशी सांगितले असते तर एखादे बोट वाचले असते.

बाराव्या दिवशी त्याने बोलावले. तो उशांना टेकून बसला होता. मी खुर्ची ओढली आणि तो सुरू झाला. मलमपट्टी करणारीचे हात दगडाचे. इस्पितळातले सूप म्हणजे भांडी धुतलेले पाणी. मेहुणा भेटायला आला तो संत्री घेऊन, साखरेच्या रोग्याला संत्री! आणि नसलेल्या बोटांना खाज सुटते ती कुठे खाजवायची? तासभर तो बोलत होता. गालांवर रंग चढला होता, आवाज खणखणीत झाला होता. इतका बरा तो मला महिन्यांत दिसला नव्हता.

"पुरे आता," रहिमो दारातून म्हणाली. "त्यांचे कान किटले असतील."

"थांब गं, मुख्य राहिलंच," अय्याद म्हणाला. त्याने पांघरूण सारले आणि उजवा पाय माझ्यापुढे केला. "याला कालपासून मुंग्या येतायत. नीट बघ, आ सी मफद्दल. बोटांच्या मधेसुद्धा."

मी खिडकीचा पडदा बाजूला केला आणि खाली वाकलो.